कुमुदकाकूंचा वाणी

"आणि ही एकच जात का ठेवलीस?" धामणकर सरांनी विचारलं.

नचिकेत ओगले मनातून सुखावला. याच प्रश्नाची तो वाट बघत होता. सह्याद्रीतल्या मिलिपीडांच्या, म्हणजे आपल्या वाणी किड्यांच्या, साऱ्या जाती त्यानं आपल्या छापायच्या प्रबंधासाठी नव्यानं तपासल्या होत्या. भल्याभल्यांनी दिलेली नावं कुणाची भीड न ठेवता बाद केली होती. फक्त एका जातीला हात लावला नव्हता. ती सरांनी तरुणपणी शोधली होती आणि तिला बायकोचं नाव दिलं होतं. कुमुदकाकू जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

"राहू दिली, सर," तो नम्रपणे म्हणाला. तो नम्रपणाही थोडा मिरवत होताच.

सर उठले. त्यांनी कपाटातून स्पिरिटची नळी काढली आणि ज्याच्यावरून ती जात ठरवली होती तो आतला किडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

"बघ. काय दिसतं?"

नचिकेतनं तो मागेच बघितला होता. वाण्याची जात ठरते ती नराच्या जननासाठी बदललेल्या पायांवरून. याचे ते पाय अजून नुसते कोंब होते.

"सर, जाऊ द्या ना..."

"काय दिसतं?"

"...पिल्लू."

"कुणाचं?"

"नेहमीच्याच जातीचं. अंगणात सापडतो त्याचं."

सरांची मूठ टेबलावर आदळली.

"आणि तरी ही वेगळी जात म्हणून छापणार होतास?"

आता नचिकेतचंही डोकं फिरलं. इतके दिवस हे पोटात ठेवलं आणि वर बोलणी खायची?

"तुमच्यासाठी केलं मी! काकूंच्या हातचं जेवलोय, सर. त्यांचं नाव मीच पुसू?"

"माझ्यासाठी!" सर कडाडले. "मी चुकलो, तेव्हा मला माहीत नव्हतं. तुला माहीत आहे. तिच्या नावावर खोटं खपवायला तुला सांगितलं कुणी?"

नचिकेतचा राग तर अजून होता, पण तो कुणावर काढायचा तेच कळेना.

...

सरांनी शिसपेन्सिल आणि कागदाचा एक बारीक तुकडा पुढे ढकलला. नचिकेतनं दात आवळून त्यावर किड्याचं खरं नाव लिहिलं. किडा परत नळीत सोडला. मग काकूंच्या नावाची जुनी, पिवळी पडलेली चिठ्ठी तो चिमट्यानं बाहेर ओढू लागला.

सरांनी फाडकन त्याच्या हातावर मारलं. चिमटा खाली पडला.

"ती राहू दे आत! नवी तिच्या शेजारी घाल." सरांचा आवाज अजून चढलेलाच होता. "कुमुदला माझ्या चुकांसोबत राहायची सवय आहे."