क्वारंटाइनमधला खजूर

बसऱ्याला पटकीची साथ होती, म्हणून तिथून खजूर घेऊन आलेलं गलबत बंदराबाहेरच अडवलं गेलं. गलबतावर आजारी कुणीच नव्हतं, पण पिण्याचं पाणी संपत आलं होतं. तांडेलाची बायको रुकय्या पोरांना घोट घोट पाणी देऊन जीव मुठीत धरून बसली होती.

बंदराचे अधिकारी चित्रेसाहेब होडीतून आले आणि खालूनच गरजले, "या गलबतावरच्या वस्तूला जो हात लावेल, तोही क्वारंटाइनमध्ये जाईल. कुणाचीही गय होणार नाही."

"आणि पाणी, साहेब?" रुकय्यानं विचारलं.

"पाण्याचं मग बघू. आधी थोडा खजूर सोडा खाली."

तिनं दोरीनं टोपली सोडली. साहेबांनी खजूर तोंडात टाकला, तशी ती अदबीनं म्हणाली, "आता वर या, साहेब. नियम तुमचाच आहे."

साहेबांनी होडीवाल्यांकडे पाहिलं. ते केव्हाच दुसऱ्या टोकाला सरकले होते.

संध्याकाळी साहेबांसाठी पाण्याची पिंपं आली आणि सगळ्यांना पुरली.

मुदत संपून साहेब उतरायला निघाले, तेव्हा रुकय्यानं भरल्या डोळ्यांनी त्यांच्या हातात खजुराची पुडी ठेवली.

"तुमच्या पायगुणानं माझी पोरं तगली, साहेब. हा खजूर खुशाल खा. आता वर यावं लागणार नाही."