शेवटच्या चढाईला कोण आलेला बरा?

चूक सगळी अण्णासाहेब घोरपड्यांचीच. पोट मांडीवर आलं, तरी कबड्डीचं मैदान आपल्या बापाचं समजणारा हा निवड समितीचा अध्यक्ष.

लीगच्या ड्राफ्टसाठी, म्हणजे संघांच्या खेळाडू-निवडीसाठी, विद्यापीठातून एकच चढाईपटू जाणार होता. एकीकडे अण्णासाहेबांचा भाचा समरजित, दुसरीकडे पाठीशी कुणी नसलेला नौशाद मुलाणी. नौशादचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. आज नाव कटलं की खेळ संपला.

लीगच्या निवडकर्त्या शेलारबाईंपुढे अण्णासाहेबांनी पकड करणारी पोरं उभी केली. "यांनी दोघांनाही अंगावर घेतलंय. ही खोटं बोलायची नाहीत." पोरांना कालच दम भरला होता : काहीही विचारलं तरी समरजितचंच नाव घ्यायचं. ते नौशादच्या कानावर आलं होतं.

"बाई, मी यांना एक विचारू?"

"विचार की, हौस फेडून घे," अण्णासाहेब हसले.

नौशाद वळला. "गड्यांनो, शेवटची चढाई, तुम्ही एका गुणानं पुढे. समोरून कोण आलेला बरा?"

"समरजित!" पोरं एका सुरात ओरडली.

अण्णासाहेबांनी मिशीला पीळ दिला. शेलारबाईंना हसू आवरेना. "बरोबरच आहे. पकडणाऱ्याला सोपाच गडी हवा असतो!"

"अहो, त्यांना तसं म्हणायचं नव्हतं!"

"मग काका, तुम्हीच ठरवा," नौशाद म्हणाला, "पोरं खोटी की भाचा सोपा?"

तेवढ्यात एका पोरानं कालच्या दमाची गोष्ट बाईंना सांगून टाकली. बाईंनी नौशादचं नाव पक्कं केलं. नौशाद मैदानातच फतकल मारून बसला आणि ऊर भरून श्वास घेतला.

पढवलेल्या पोरांची गोष्ट बाईंनी विद्यापीठाला कळवली. अण्णासाहेबांचं अध्यक्षपद त्याच आठवड्यात गेलं.