होनाचा डाग

फार जुनी गोष्ट. पौष वद्य पंचमी होती आणि दाट धुकं पडलं होतं. जुनी नाणी जमवणाऱ्या नारो पारख्याच्या पेटीत सोन्याचे दोन होन, पाटल्यांची एक जोडी आणि एक कानस होती. बाहेर पारखी सोनाराला म्हणाला, “दुपारी डाग तेवढे मुशीत टाक. नाणी मी ठेवणार.”

ते ऐकून धाकट्या होनाने स्वतःकडे पाहिलं. त्याच्या अक्षरांच्या खाचांत काळे डाग होते. “आबा, डाग असलेले मुशीत जाणार म्हणे! आज मी वितळणार!”

“अरे, हा काळेपणा आपलं वय सांगतो. गप पड,” थोरला होन म्हणाला.

“तुम्ही मरा तसेच!” म्हणत धाकटा कानशीकडे घरंगळला. “मावशी, घास मला.”

“अक्षरंही जातील रे.”

“जीव तर राहील!”

कानस घासत गेली.

दुपारी सोनाराने पाटल्या उचलल्या; सोनाराच्या बोलीत डाग म्हणजे दागिना. “डाग एवढेच ना?”

“एवढेच,” म्हणत पारख्याने काळा होन अलगद मखमलीवर ठेवला. दुसरा त्याने उलटसुलट करून पाहिला. तो लखलखत होता, पण त्यावर एकही अक्षर नव्हतं. “हा कसला होन? नुसती सोन्याची टिकली! जाऊ दे डागांबरोबर.”

संध्याकाळपर्यंत पाटल्या आणि धाकटा होन एकाच मुशीत वितळले.