बाईंचा मोर

कृष्णाकाठच्या एका गावात एक भोळा सुतार होता. नाव खुशाबा. दस्तगीरचाचांच्या सतारीच्या कारखान्यात तो नक्षी कोरायचा. हातात कला होती. सांगितलेलं कधी विसरायचा नाही. सगळा घोटाळा तिथंच व्हायचा.

चाचांनी इंदुमतीबाईंसाठी एक सतार केली होती. बाई फार मोठ्या वादक. सतारीच्या दांडीच्या टोकावर मागं वळून बघणारा मोर होता. बाईंनी बजावलं होतं, "चाचा, हा मोर माझा. दुसऱ्या कुणाच्या सतारीवर दिसला, तर तुमची पायरी चढायची नाही." बाईंच्या नावावर तर कारखान्यात गिऱ्हाईक यायचं. चाचांनी शब्द दिला.

एकदा चाचा लाकूड आणायला निघाले. म्हणाले, "खुशाबा, कुणी बाईंसारखी सतार मागितली तर सरळ नाही म्हण."

"बरं चाचा."

थोड्या वेळानं एक मास्तर आले.

"सतार पाहिजे."

"कशी?"

"साधीच. पण गोड वाजणारी."

"बाईंचीपण गोड वाजते. नाही मिळायची."

"मग जरा कमी गोड द्या."

"तिला तारा असणार?"

"असणारच की!"

"बाईंच्यापण सतारीला आहेत. नाही मिळायची."

मास्तर गेले. चाचांनी परत आल्यावर कपाळावर हात मारला. "अरे खुळ्या, सतार सगळ्यांना द्यायची! फक्त एकीसारखी दुसरी करायची नाही. काहीतरी वेगळं ठेवायचं."

"बरं चाचा."

पुढं एका गवयाची तंबोऱ्यांची जोडी करायची होती. चाचा तापानं अंथरुणावर. खुशाबानं एकट्यानं काम तडीला नेलं. गवई न्यायला आला, तर एक तंबोरा माणसाएवढा आणि दुसरा गुडघ्याएवढा.

"ही काय जोडी?" गवई ओरडला.

"एकीसारखी दुसरी करत नाही आम्ही," खुशाबा म्हणाला.

चाचा घोंगडी पांघरून धावत आले. हातापाया पडून त्यांनी गवयाला शांत केलं. मग खुशाबाकडं वळले. "जोडी म्हणजे सारखीच असते, बाबा! गिऱ्हाईक दाखवील ते हुबेहूब करायचं. तिळाएवढा फरक नको."

"बरं चाचा."

त्यानंतर एक हौशी शेटजी आले. चाचा मशिदीत गेले होते. शेटजींनी वर्तमानपत्रातला फोटो काढला. इंदुमतीबाई सतार उभी धरून हसत होत्या.

"अशीच पाहिजे," शेटजी म्हणाले. "अगदी मोरासकट."

"तिळाएवढा फरक पडायचा नाही," खुशाबानं सांगितलं आणि घरी बसून जीव ओतून काम केलं.

सतार झाली. मोर झाला. फोटोत मोराच्या शेपटीवर बाईंची चार बोटं होती. खुशाबानं तीही कोरली. अंगठीसकट.

मग सतार कारखान्यात आणून चाचांना दाखवली. बाईंचा त्याच गावात जलसा ठरला होता. चाचांनी पटाशी घेतली, मोर आणि बोटं तासून काढली, आणि घाम पुसत म्हणाले, "खुशाबा, नीट ऐक. असला मोर कारखान्यात पुन्हा दिसला की लगेच तासायचा. सतार कुणाचीही असो. मला विचारत बसायचं नाही!"

"बरं चाचा."

जलशाच्या दिवशी दुपारी बाई स्वतः आल्या. सतारीची एक तार बदलायची होती. त्यांनी सतार बैठकीवर ठेवली आणि चाचांबरोबर आत चहाला गेल्या.

खुशाबा जेवून आला. बघतो तर बैठकीवर मोर!

चहा होईपर्यंत तो थांबला नाही. पटाशी चालवली, वर कानस फिरवली. दांडीचं टोक लाटण्यासारखं गुळगुळीत केलं.

बाई बाहेर आल्या आणि जागीच थिजल्या. "माझा मोर?"

"घाबरू नका, बाई," खुशाबा म्हणाला. "कुणीतरी तुमचा मोर चोरून इथं कोरला होता. मी काढला."

चाचा मागोमाग धावत आले. "अरे, ही बाईंचीच सतार!"

खुशाबा हरखून गेला.

"तरीच! तासताना मी म्हणतच होतो, नक्कल किती हुबेहूब केलीय!"