अंगाईची पाटी

गोष्टीचा शेवट आधीच ओळखा, माझी टोपी तुमची.

लई वर्सांमागं एका कॉम्प्युटरात, पार आतल्या फोल्डरात, अंगाई नावाची फाईल राहायची. सुलभाबाईंनी कॉम्प्युटरला हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाईप करून तिच्या नावाची पाटी, म्हंजे शॉर्टकट, बाहेर पडद्यावर लावली. पाटीकडं गाणं नव्हतं, नुसता पत्ता. बाई पाटीला टिचकी मारायच्या, की त्यांच्या वारलेल्या आईचा आवाज यायचा.

एकदा अंगाईला मस्ती आली. ती गुपचूप दुसऱ्या फोल्डरात जाऊन बसली.

"आक्का, परत ये गं," पाटी म्हणाली. "मला जुनंच घर ठाऊक."

"थांब गं, जरा गंमत बघू."

बाईंनी टिचकी मारली. आवाज नाही. आईचं गाणं गेलं समजून बाई रडल्या, अन् पाटी पुसून टाकली.

अंगाईला ओरडायचं होतं, मी हितंच हाय. पण कुणी उघडल्याबिगर फाईलीला आवाज नसतो.