पाच दिवसांची बायको

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींचे टॅक्सचे फॉर्म गद्रेकाका भरत, आणि त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. सारंग आपल्या नव्या नवरीला, नीलांबरीला, घेऊन त्यांच्याकडे गेला. दोघांचा एकत्र फॉर्म भरला तर कर बराच वाचणार होता.

काकांनी तिचा पासपोर्ट पाहिला. "सत्तावीस डिसेंबरला अमेरिकेत उतरलीस, आणि इथलं टॅक्सचं वर्ष एकतीसला संपलं. पाच दिवस राहून वर्षभराची बायको कशी होशील? सारंग, तू आपला एकट्याचाच फॉर्म भर."

सारंगचा चेहरा पडला. नीलांबरीची नजर मात्र टेबलावरच्या डब्यावर गेली. पेढे नव्हते, बर्फी होती.

"काका, नात झाली वाटतं?"

"हो तर. तीस डिसेंबरला," काका खुलले.

"मग तिच्या बाबांच्या फॉर्ममध्ये तिचं नाव पुढच्या वर्षी घालणार?"

"छे, याच वर्षी घातलं. अख्ख्या वर्षाची धरली तिला. मीच भरला फॉर्म."

"ती तर माझ्यानंतर तीन दिवसांनी आली," नीलांबरी म्हणाली, "आणि मला सहीसुद्धा करता येते."

काकांनी चष्मा काढून सावकाश पुसला. मग एकत्र फॉर्म तिच्यापुढे सरकवला आणि शेजारी बर्फीचा डबा उघडून ठेवला.

"आधी तोंड गोड कर, मग सही," ते म्हणाले. "आणि नात बोलायला लागली की तिला तुझ्याकडेच शिकवणीला पाठवतो."