नावाड्याने नदी उभी धरली

नदीने मधोमध चिरलेल्या एका गावात एक नावाडी राहत होता. अर्धं गाव अलीकडे, अर्धं पलीकडे. त्यामुळे लग्नाची वरात असो की आजाऱ्याचा वैद्य, सगळ्यांना त्याच्याच नावेत बसावं लागे. त्याबद्दल सुगीत प्रत्येक घर त्याला खळ्यावर सूपभर धान्य देई. पंचवीस वर्षं हे असंच चाललं.

मग राजाने नदीवर पूल बांधला. चांगला दगडी, गाडी जाईल एवढा रुंद. गावाने गुलाल उधळला. नावाड्यानेही उधळला, आणि दुसऱ्या दिवशी सवयीने घाटावर येऊन बसला. संध्याकाळपर्यंत एक माणूस फिरकला नाही.

सुगी आली. लोक भले होते, त्यांनी त्याला खळ्यावर बोलावून सूप भरलं. तेवढ्यात कोणीतरी हसून म्हणालं, "यंदा बसल्या जागी पीक आलं की दादाला!" बोलणाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पण नावाड्याने धान्य परत राशीवर ओतलं आणि रिकाम्या हाताने घरी आला.

"अहो, दुसरं काहीतरी करून बघा," बायको म्हणाली. "दोन हात आहेत ना धड?"

त्याने करून बघितलं. कासाराबरोबर बांगड्या भरायला गेला. आता बांगडी चढवायची म्हणजे पाण्यासारखा मऊ हात लागतो, आणि याचा हात वल्हं मारून लाकूड झालेला. पहिल्याच बाईची अर्धा डझन काकणं फोडली. मग तेल्याकडे घाण्याच्या बैलामागे चालायला लागला. तिथे दुपारपर्यंत घेरी येऊन पडला.

"बैलाला येत नाही ती घेरी तुला कशी आली रे?" तेल्याने विचारलं.

"बैलाच्या डोळ्यांना झापडं आहेत," नावाडी म्हणाला. "मला दिसतं ना, मी कुठेच चाललो नाही ते!"

तेली पोट धरून हसला. नावाडी मात्र तेच वाक्य मनात घोळवत घरी गेला. खरंच, आपण कुठेच चाललो नाही. आता नाव तरी कशाला ठेवायची? रोज डोळ्यांसमोर नको. लाकूड विकून टाकू.

लाकूड बघायला एक म्हातारी कुंभारीण आली. मडकी भाजायच्या आव्याला तिला सरपण हवं होतं. धंद्यात बसणाऱ्याला ठाऊक असतं, गिऱ्हाईक माल बघायला येतं आणि जाताना कधी कधी भलतंच काही देऊन जातं. तसंच झालं. म्हातारी फळ्या ठोकत नावेत शिरली, मधोमध बसली आणि म्हणाली, "काय रे, डचमळत नाही तुझी नाव! आमची गाडी त्या खडीच्या रस्त्याने जत्रेच्या गावी जाते, तर निम्म्या मडक्यांची खापरं होतात."

"माझ्या नावेत भरली घागर सांडली नाही कधी, मावशी."

"मग माझी मडकी ने की जत्रेला."

"अगं, ते गाव पलीकडे थोडंच आहे? खाली आहे, पाच कोस. मी पलीकडे नेणारा माणूस."

म्हातारीने त्याच्याकडे नीट बघितलं. "का रे बाबा, नदी तिकडे जात नाही का?"

नावाडी उठून नदीच्या खालच्या अंगाला बघू लागला. पंचवीस वर्षं त्याने नदी आडवी कापली होती. उभी ती कशी आहे, हे कधी बघितलंच नव्हतं. घाटाखालच्या वळणापलीकडे खडक आहेत, तिकडे कोणी जात नाही, एवढंच त्याला माहीत होतं.

आठ दिवस तो काठाकाठाने चालला. पाण्यात कोंडा टाकून तो कुठे वाहतो, कुठे गरगरतो ते बघत राहिला. नवव्या दिवशी कुंभारवाड्याने गवताच्या थरांत अख्ख्या मोसमाची मडकी नावेत रचली, आणि म्हातारी त्यांच्याबरोबर नावेत बसली. बुडाली तर आठ घरांची चूल बुडणार होती.

पुलावर गर्दी जमली. "ओ नावाडीबुवा, वाट चुकलात! पलीकडचा काठ तिकडे राहिला!"

त्याने नाव प्रवाहाच्या दिशेने वळवली.

तिसऱ्या कोसाला नदी दोन धारांत फुटली. डावी धार फेसाळत, ओरडत चाललेली. उजवी गुळगुळीत, फक्त मधे जराशी फुगलेली.

"उजवीकडून घाल रे, शांत आहे!" म्हातारी ओरडली.

नावाड्याने त्या फुगवट्याकडे बघितलं. असंच फुगलेलं पाणी त्याच्या घाटाजवळ होतं, आणि त्याखाली हत्तीएवढा दगड होता. नाव त्याला कधी लागू द्यायची नाही, हे तर त्याचे हात झोपेतही जाणत होते!

"मावशी, घट्ट धर. ओरडणारं पाणी खोल आहे!"

त्याने नाव डावीकडे घातली. फेस अंगावर उडाला, नाव एकदा उचलली गेली, एकदा दबली, आणि पलीकडच्या संथ डोहात अलगद उतरली. मागे वळून म्हातारीने पाहिलं, तर उजव्या धारेत खडकाची काळी पाठ पाण्याबाहेर डोकावत होती. तिने दोन्ही हात जोडले.

जत्रेच्या घाटावर तिने एकेक मडकं बोटाने वाजवून उतरवलं. टण्, टण्, टण्! शेवटच्यापर्यंत एकही तडकल्यासारखं बद्द वाजलं नाही. लोक बाजार सोडून ते ऐकायला गोळा झाले.

परत येताना प्रवाहाच्या उलट दोन दिवस लागले. हाताला फोड आले, तरी नावाडी मोठमोठ्याने गात होता. वाटेतल्या एका गावाच्या काठावरून कोणीतरी हाक मारली, "ओ दादा, पुढच्या खेपेला आमच्या गुळाच्या ढेपा घ्याल का?"

पुढच्या गावाने कांदे न्यायचं विचारलं. त्याच्या पुढच्या गावात एक बाई दोन्ही हातांनी बोलावत होती, तिला लेकीच्या सासरी जायचं होतं.

"घेतो! सगळ्यांना घेतो!" नावाडी ओरडला. "पण एका नावेत मावणार नाही. थांबा, दुसरी बांधायला टाकतो!"

तात्पर्य एवढंच: रोजची वाट बंद झाली तरी अंगातली विद्या बंद होत नाही, ती घेऊन कधी न गेलेल्या दिशेला निघावं.